येसाई कोष्टिणीच्या परवच्याची कहाणी

ऐक गं सांजवाती माते, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता घ्या, मूठ मिटा, मांडी नीट घाला. दूध उतू जातंय म्हणून मधेच कोणी उठायचं नाही. गेलं तर जाऊ दे, एक दिवस कोरा चहा प्या.

एक नगर होतं, आटपाट होतं, त्याला सात वेशी होत्या. तिथं एक राजा होता. राजा लढाईवर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. मागं राज्य राणीचं. राणीचं नाव चंद्रावळी. तिला नवसासायासानं एक मुलगा झाला, त्याचं नाव राजस ठेवलं. राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून कोष्ट्यांची आळी होती. आळीत शेवटचं घर येसाई कोष्टिणीचं. घर म्हणजे दोन खण आणि एक अंगण. त्यात एक माग, एक नवरा आणि तीन लेकी. थोरली कृष्णी, मधली ठकी, धाकटी बयो. नवरा गरीब स्वभावाचा, मोठ्यानं शिंकला तरी कोणी रागावलं का म्हणून इकडंतिकडं बघायचा. येसाई तशी नव्हती.

येसाईचा एक नेम होता. दिवस कलला, मागावरचा धागा दिसेनासा झाला, की ती धोटा खाली ठेवी. लेकींना हातपाय धुवायला लावी. केर आधीच काढलेला असे, कारण दिवे लागताना केर काढला तर दारात आलेली लक्ष्मी माघारी जाते. मग ती तुळशीपुढं दिवा लावी, दार उघडं ठेवी, आणि लेकींना घेऊन परवचा म्हणायला बसे. परवचा म्हणजे काय, ते आताच्या पोरींना सांगायला हवं. दिव्यापुढं बसायचं, हात जोडायचे. देवाचं म्हणायचं, मग पाढे म्हणायचे, मग तिथी आणि नक्षत्रं म्हणायची. मोठ्यानं म्हणायचं. चुकलं तर पुन्हा म्हणायचं.

येसाईला संस्कृत येत नव्हतं. तिच्या आईनं तिला चार ओळी दिल्या होत्या, त्याच ती लेकींना देई. "देवा, डोळ्यांना दिसू दे. देवा, हातांना देऊ दे. देवा, जिभेला गोड बोलू दे. देवा, गेलेल्या पायांना घरी येऊ दे."

आणि शेवटी तीन प्रश्न. आज कोणाला काय दिलंस? आज कोणाला रडवलंस? आज कोणाचं चुकलेलं पोटात घातलंस? दिव्याकडं बघून खरं सांगायचं. लेकींनी सांगायचं, येसाईनं सांगायचं, नवऱ्यानंही सांगायचं. मोठ्यांना सूट नाही. बयो पाच वर्षांची. ती सांगे, "आज मी ठकीला चावले." येसाई विचारी, "मग आता?" मग बयो तोंड वाकडं करून उठे आणि आपल्या वाटचा गूळ ठकीला देई. आळीतली लेकरंही येऊन बसत. कधी दहा येत, कधी वीस येत. अंगण भरे, आणि आवाज भिंतीपलीकडं राजवाड्यात जाई.

राजवाड्यात काय चाललं होतं? राजस तीन वर्षांचा झाला, अजून बोल फुटले नव्हते. आता याला देवाचं शिकवायला हवं, असं राणीच्या मनात आलं. विचार चांगला होता. पण शिकवायचं म्हणजे रोज सांजेला लेकराला घेऊन खाली बसायला हवं. राणीला सांजेला वेळ कुठला? सांजेला वेणीफणी, सांजेला मानकऱ्यांच्या बायका, सांजेला सोंगट्या. मग तिनं विसोभटाला बोलावलं.

राणी म्हणाली, "विसोभट, तुम्ही दुसऱ्याच्या नावानं जप करता ना?"

विसोभट म्हणाला, "करतो, बाईसाहेब. यजमान आजारी असला, गावाला गेला असला, तर तो संकल्प सोडतो. जप आम्ही करतो, फळ त्याला."

"मग माझ्या राजसचा परवचा त्याच्या नावानं तुम्ही म्हणा. अकरा भट बसवा. मूल जांभया देतं, चुळबूळ करतं. त्याला कशाला त्रास?"

असं मागणं विसोभटाच्या बापजन्मात कोणी केलं नव्हतं. पण राणीला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. राणीनं पळी घेतली, ताम्हनात पाणी सोडलं, आणि आपल्या तोंडानं म्हणाली, "माझ्या मुलाच्या जिभेचं काम मी तुमच्या जिभांना दिलं." उदक सोडून दिलेली वस्तू परत मागता येत नाही. हे राणीला ठाऊक होतं. पण आपण दिलं काय, इकडं तिचं लक्ष नव्हतं.

हसू नका गं. आपल्यातल्या किती जणी सांजेला मोबाईलवर आरती लावून देतात आणि पोराला म्हणतात, ऐकत बस, मी आले? मी नावं घेत नाही. सगळ्या समोर बसल्या आहात.

मग काय झालं? भट म्हणू लागले. शुद्ध म्हणत, स्पष्ट म्हणत, एक काना मात्रा चुकत नसे. राजस चार वर्षांचा झाला, बोलेना. पाच वर्षांचा झाला, बोलेना. आई म्हणेना, पाणी म्हणेना, नको म्हणेना. वैद्य आले, त्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावलं. मांत्रिक आले, त्यांनी दृष्ट काढली. जोशी आले, त्यांनी पत्रिका मांडली. गुण कशानंच येईना. राणी म्हणाली, "म्हणणं कमी पडतंय. एकवीस भट बसवा." एकवीस बसले, तरी गुण येईना. मग राणी विसोभटावर डोळे वटारू लागली. विसोभट घाबरला आणि म्हणाला, "बाईसाहेब, भिंतीपलीकडं कोष्ट्यांची पोरं ओरडतात. बोबडं म्हणतात, चुकीचं म्हणतात. आमची मोजणी मोडते, म्हणून फळ येत नाही." आपल्या गळ्यातलं त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. राणीला ते पटलं, कारण ते सोपं होतं.

मग नगरात दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! आजपासून दिवेलागणीला कोणी तोंड उघडायचं नाही. सगळ्या नगराच्या नावानं राजवाड्यातले भट परवचा म्हणतील. पुण्य ज्याचं त्याला घरबसल्या मिळेल. जो मोठ्यानं म्हणेल त्याला शासन होईल हो!"

लोकांना राग आला असेल म्हणाल, तर तसं काही झालं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, रोज पोरांच्या मागं ओरडणं वाचलं. कोणी पारावर गेलं, कोणी लवकर पाटावर बसलं. पहिल्या पंधरवड्यात पोरं पाढे विसरली. दुसऱ्या पंधरवड्यात तिथी विसरली. तिसऱ्या पंधरवड्यात दारी आलेल्याला पाणी द्यायचं विसरली, कारण आज काय दिलंस म्हणून विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

येसाईनं दवंडी ऐकली त्या सांजेला नेहमीसारखा धोटा खाली ठेवला. नेहमीसारखं लेकींना हातपाय धुवायला पाठवलं. नवरा मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून वर आला आणि म्हणाला, "अगं, दवंडी कानावर आली का?"

"आली."

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं? वात संपलीय, एवढी वळून द्या."

"अगं बाई, मनात म्हण की! देवाला मनातलं ऐकू येतं."

येसाई म्हणाली, "देवाला येतं हो, लेकरांना येत नाही. मी म्हातारी होईपर्यंत मनातल्या मनात हाक मारीन, माझं काही अडत नाही. पण बयोला मनातल्या मनात शिकवू कशी? लेकरू कानानं शिकतं. आईचं तोंड हलताना बघून शिकतं. आज मी तोंड मिटलं तर माझं काही जात नाही, तिचं सगळं जातं."

नवऱ्यानं वात वळून दिली. मग येसाई लेकींना म्हणाली, "रोज म्हणता त्याहून मोठ्यानं म्हणा."

मग शिपाई आले. त्यांनी तेल्याला ताकीद दिली, या घराला थेंबभर तेल द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दिवा कोरडा राहिला. येसाई म्हणाली, "दिवा नाही तर चूल आहे." लेकी चुलीच्या जाळापुढं बसल्या आणि म्हणाल्या. आळीतली लेकरं यायची बंद झाली. त्यांच्या आया दारात उभ्या राहून पोरांचे दंड धरत. येसाईनं त्यांना दोष दिला नाही, पण तिला फार एकटं वाटलं.

मग पुन्हा शिपाई आले. त्यांनी माग उपसला. फणी नेली, धोटा नेला, मागावरचं अर्ध्यावर आलेलं लुगडं मधोमध कापलं. नवरा रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून रडला. येसाईही रडली. माग गेला तशी चूल थंडावली, घरात शिजवायला दाणा राहिला नाही. येसाई म्हणाली, "चूल नाही तर दार आहे. मावळतीचा उजेड दारातून आत येतो, त्याच्यापुढं बसा." लेकी उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या.

मग तिसऱ्यांदा शिपाई आले. या खेपेला दाराशी हुकूम वाचला, दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर व्हा. येसाईनं एका फडक्यात होतं नव्हतं ते बांधलं. वेशीवरचा पहारेकरी जुन्या हाडाचा म्हातारा होता. तो हळूच म्हणाला, "पोरी, एकदा गप्प बसते म्हण. मी वर सांगतो, माग परत मिळेल. लेकरांकडं बघ."

येसाई म्हणाली, "बाबा, लेकरांकडं बघूनच निघालेय. गप्प बसायला मी कोणाची चोरी केली नाही."

पहारेकऱ्यानं कमरेची भाकरी काढून तिच्या फडक्यात घातली आणि तोंड फिरवलं.

ओढ्यापलीकडं खडकाळ माळ होता. शिंदीची चार झाडं होती. नवऱ्यानं झाप तोडून खोप उभी केली. दिवा नव्हता, चूल नव्हती, दारही नव्हतं. आभाळात पहिली चांदणी निघाली. येसाई म्हणाली, "ही आपली सांजवात. बसा." लेकी बसल्या, पण थोरल्या कृष्णीच्या तोंडातून शब्द निघेना. ती म्हणाली, "आई, आपण उगीच हट्ट केला का गं?"

येसाईनं चार ओळी म्हटल्या, लेकींकडून म्हणवून घेतल्या, मग तीन प्रश्न विचारले. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आज मी तुम्हां तिघींना रडवलं. भुकेनं रडवलं, घर सोडायला लावून रडवलं. खोटं कशाला बोलू? उद्याही कदाचित रडवीन. पण जे मी तुमच्या तोंडात घातलं, ते माझ्या हातानं काढून घेणार नाही. तुम्हाला नको असेल तर तुम्ही टाका. माझी बळजोरी नाही."

बयो म्हणाली, "मी नाही टाकणार. ठकीनं मला मारलं तर मग तिला विचारणार कोण?" कृष्णीला हसू फुटलं. मग तिघींनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि माळावर मोठ्यानं म्हटलं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायांना धूळ. म्हणाली, "पोरींनो, सात वेशी फिरून आले. एकाही घरातून लेकराचा आवाज आला नाही. आवाज आला नाही की मला दार सापडत नाही. फार भूक लागलीय." भाकरी एक होती, तोंडं पाच होती. येसाईनं सहा वाटे केले. म्हातारीनं आपला वाटा खाल्ला आणि म्हणाली, "अजून भूक आहे." बयोनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि तुकडा पुढं केला.

म्हातारी म्हणाली, "मनापासून देतेस का गं?"

"नाही," बयो म्हणाली. "मलाही भूक लागलीय. पण उद्या विचारतील ना, कोणाला काय दिलंस म्हणून."

म्हातारी खदखदा हसली. हसता हसता तिच्या अंगाचा उजेड पडू लागला, खोपीतले दगड न् दगड दिसू लागले. ती म्हणाली, "मी सांजवात. शुद्ध म्हणणाऱ्यांकडं जाते, पण खरं बोलणाऱ्या लेकराच्या तोंडी राहते. येसाई, माग काय हवं ते."

येसाईनं हात जोडले. म्हणाली, "माते, घर हवं, माग हवा, पोटभर अन्न हवं. खोटं बोलत नाही. पण ते आम्ही राबून मिळवू. तू एवढंच दे, माझ्या लेकींचा आवाज कोणाला कोंडता येऊ नये."

"दिलं," म्हातारी म्हणाली, आणि दिसेनाशी झाली.

दुसरा दिवस उजाडला. नवऱ्यानं शिंदीची पाती चिरली, येसाईनं चटई विणायला घेतली. माग नव्हता, पण बोटं होती. कृष्णीनं पलीकडच्या वाडीत चटई विकून पीठ आणलं. तीन दगडांची चूल झाली. सांज झाली, तिघी जाळापुढं बसल्या आणि म्हणू लागल्या. माळावर म्हटलं, आणि नगरात घराघरांत ऐकू आलं. कोनाड्यातून ऐकू आलं, रांजणातून ऐकू आलं, राणीच्या उशीतून ऐकू आलं. शिपायांनी घरांची झडती घेतली. उखळात बघितलं, कणगीत बघितलं, आडात वाकून बघितलं. सापडेल कुठून? पोरी तर ओढ्यापलीकडं. एकवीस भटांची मोजणी एकवीसदा मोडली. विसोभट तर भलतंच म्हणू लागला. तोंडातून निघालं, "देवा, गेलेल्या पायांना घरी येऊ दे."

राजसनं काय केलं? आवाज आला तसा तो सारीपाट उधळून खिडकीशी धावला. गज धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. देवा डोळ्यांना, देवा हातांना, सगळं हलत होतं, पण आवाज निघत नव्हता. परवचा संपला, तसा तो रडू लागला. तेही बिनआवाज, नुसतं तोंड उघडून. दासीनं पाहिलं, तिनं राणीला आणून दाखवलं. राणीनं तीन दिवस तेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्यानं पाहवेना.

मग राणीनं शिपाई धाडले. शिपाई माळावर येऊन म्हणाले, "राणीचा हुकूम आहे, चल." येसाई चटई विणत होती. म्हणाली, "मला हद्दीबाहेर तुम्हीच घातलंत. हद्दीबाहेर तुमचा हुकूम चालतो का, एवढं विचारून या." शिपाई एकमेकांकडं बघत परत गेले.

मग राणीनं पालखी धाडली, शालू धाडला, दासी धाडली. दासी म्हणाली, "बारा गावं इनाम देतात. राजवाड्यात राहा आणि राजपुत्राच्या नावानं रोज तूच म्हण." येसाई उठून उभी राहिली. "म्हणजे पुन्हा तेच? एकवीस होते, त्यांत मी बाविसावी? शालू घडी मोडायच्या आत परत ने."

मग राणीनं विसोभटाला धाडलं. तो अनवाणी आला, खोपीबाहेर उभा राहिला. म्हणाला, "बाई, चूक माझी. त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. वर तुमच्या लेकींवर आळ घातला. माझ्या घरी दोन लेकरं आहेत. दोन वर्षांत एकदाही मी सांजेला त्यांच्याजवळ बसलो नाही." येसाईनं त्याला पाणी दिलं. म्हणाली, "मग भटजी, इथं का उभे? दिवस कललाय, घरी जा. आणि वाटेत राणीला सांगा, लेकराला घेऊन स्वतः ये म्हणावं. पायी ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी राणी एका दासीला घेऊन निघाली. राजसला कडेवर घेतलं, ओढा उतरली, काट्याकुट्यांतून माळ चढली. पायांना रक्त आलं. सांजेला खोपीपुढच्या जाळाशी येऊन म्हणाली, "बाई, मला वसा सांग."

येसाई म्हणाली, "वसा तुम्हाला कशाला? उताल, माताल, घेतला वसा टाकून द्याल."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"उतून झालं, मातून झालं. माझा माग कुठंय?"

राणीची मान खाली गेली. येसाई म्हणाली, "बस. वसा मागायला आलेल्या बाईला मी तूच म्हणणार." राणीनं पाट शोधला, पाट नव्हता. ती मातीत बसली. "लेकरू दासीकडं देऊ नकोस. तुझ्या मांडीवर घे. हं, आता म्हण."

राणीनं तोंड उघडलं. काही निघेना. पुन्हा उघडलं, काही निघेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला येत नाही. माझ्या माहेरीही माझ्या नावानं दुसरेच म्हणायचे. मला कोणी जवळ घेऊन शिकवलंच नाही."

तेव्हा येसाईला तिची पहिल्यांदा कणव आली. ती काही बोलायच्या आत बयो राणीसमोर जाऊन बसली. "हात असे जोडतात," ती म्हणाली. "असे नाही, असे. अंगठे छातीला. आता माझ्यामागून म्हण." बयो सांगू लागली, राणी म्हणू लागली. "देवा, हातांना दिसू दे," राणी म्हणाली. ठकी फिसकन हसली. येसाईनं डोळे मोठे केले, ठकी गप्प झाली. राणी पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. राजस मान वर करून आईच्या तोंडाकडं बघत होता. आईचं तोंड असं हलताना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

मग प्रश्न आले. येसाईनं विचारलं, "आज कोणाला काय दिलंस?"

राणी म्हणाली, "काही नाही. धाडलं होतं, कोणी घेतलं नाही."

"आज कोणाला रडवलंस?"

राणीनं नजर फिरवली. म्हणाली, "राज्य चालवायचं तर..." येसाई म्हणाली, "जाळाकडं बघून सांग." ती सांगेना, येसाई सोडेना, कोणी हलेना.

आणि मांडीवरून आवाज आला, "मला."

घोगरा, नवा, कोणी कधी न ऐकलेला आवाज. राजस बोलला. उदक सोडून दिलेलं मागून मिळत नाही, आईनं स्वतः म्हटलं तसं ते आपण आलं. राणीनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. त्यानं बोट करून तिघी बहिणी दाखवल्या आणि म्हणाला, "यांना."

राणी ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, "होय रे बाळा. तुला रडवलं, यांना रडवलं, यांच्या आईबापाला रडवलं." 

पण नेम तो नेम. येसाईनं तिसरा प्रश्न विचारला. "आज कोणाचं चुकलेलं पोटात घातलंस?" राजसनं आपला हात उचलला, आईच्या ओल्या गालावर ठेवला आणि म्हणाला, "आईचं."

मग राणीनं येसाईकडं बघितलं. हात जोडून बघितलं. आता ही काय म्हणते? बायांनो, तुम्हाला वाटेल, येसाई विरघळली. येसाई म्हणाली, "माझ्या पोटात अजून गेलं नाही. जाळापुढं खोटं बोलायचं नसतं. माग येऊ दे, दवंडी फिरू दे, मग बघू."

राणी उठली. लेकराला घेऊन पायी नगरात गेली. दवंडीवाल्याबरोबर स्वतः सातही वेशींना हिंडली. दवंडी अशी झाली, "ऐका हो ऐका! आजपासून ज्याचा परवचा त्यानं म्हणावा. बोबडा म्हणावा, चुकत म्हणावा, मोठ्यानं म्हणावा. कोणाच्या नावानं कोणी म्हणायचा नाही!" एकवीस भट आपापल्या घरी गेले, त्यांची लेकरं त्यांच्या पाठीवर चढली. येसाई घरच्यांना घेऊन आळीतल्या घरी परतली. तिचा माग परत आला, फणी आली, धोटा आला. कापलेलं लुगडं जोडता येत नाही, तिनं मागावर नवं लावलं. बारा गावं पुन्हा देऊ केली, ती तिनं पुन्हा नाकारली.

त्या सांजेला आळीतली लेकरं आपल्या पायांनी आली. त्यांच्या आयाही आल्या आणि ओशाळून कडेला बसल्या. मागच्या बाजूला राणी राजसला मांडीवर घेऊन बसली. पाट मागितला नाही. देवाचं म्हणून झालं, पाढे झाले, तिथी झाल्या. दोन प्रश्न झाले, तिसरा आला. सगळ्यांनी आपापलं सांगितलं, शेवटी येसाईची पाळी आली. येसाईनं दिव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आज राणीचं."

सांजवाती माते, जशी तू येसाईच्या लेकींच्या तोंडी राहिलीस, तशी आमच्या लेकरांच्या तोंडी राहा. कोणी गप्प बसा म्हटलं तर त्यांना मोठ्यानं म्हणायचं बळ दे, आणि आम्हांला त्यांच्याजवळ बसायची बुद्धी दे. बायांनो, अक्षता वाहा. ही साठां उत्तरांची कहाणी मी तिहीं प्रश्नांत सांगितली. उत्तरं ज्यानं त्यानं आज घरी जाऊन आपल्या दिव्यापुढं द्यावीत. तेव्हा ती सुफळ होईल, आणि तेव्हाच संपूर्ण.